सरावाचं घर

१

हे कुणाला सांगायचं नाही असं ठरलं आहे. ताईने माझ्याकडून तसं कबूल करून घेतलं, तेही दोन्ही हात धरून. "चकार शब्द काढायचा नाही. आईपाशी नाही, बाबांपाशी नाही, वर्गातल्या त्या तुझ्या चोंबड्या मैत्रिणीपाशी तर मुळीच नाही." मी मान हलवली. एरवीही मी फारसं बोलत नाही, त्यामुळे ताईला माझी मान पुरली.

लिहायचं नाही, असं मात्र ती म्हणाली नव्हती. ही पळवाट आहे हे मला कळतं. तरी लिहिते, कारण आज दुपारनंतर यातलं काहीच कुणाच्या लक्षात राहणार नाही, माझ्यासुद्धा, अशी मला भीती वाटते. शाळेला सुट्टी आहे. आई जेवायला बोलवायला येईपर्यंत मला वेळ आहे.

गोष्ट ताईची आहे. तिने जसं सांगितलं तसं लिहिते, थोडं मी स्वतः पाहिलेलं आहे. यात जी धाकटी येते ती मीच. पण पानभर मी-मी करायची मला लाज वाटते, म्हणून घरात मला म्हणतात तसं 'धाकटी' असंच लिहीन.

२

ताई घरं मोजते.

घर घ्यायचं म्हणजे माणसाच्या चपला झिजतात. नकाशा एकाकडे, मालकीचे कागद दुसऱ्याकडे, नळाला पाणी किती वेळ येतं हे शेजारच्या बाईंनाच ठाऊक, आणि दुपारी ऊन कुठवर येतं हे घर विकत घेतल्यावरच कळतं. ताईच्या कंपनीने हे सगळं एका मोबाइल ॲपमध्ये आणलं. एक घर निवडलं की खोल्या, खिडक्या, ऊन, आवाज, पाणी, आधीचे मालक, जवळची शाळा, सगळं एका ठिकाणी. पण ॲपला स्वतःचे पाय नसतात. म्हणून ताई प्रत्येक घरात जाते, मोबाइल छातीशी धरून भिंतीकडेने हळूहळू चालते, आणि तिच्या मागे मोबाइलमध्ये घर उमटत जातं.

या कामाच्या दोन गमती तिने धाकटीला पहिल्याच आठवड्यात सांगितल्या होत्या.

एक आरशाची. मोबाइल भिंती ओळखतो, पण आरसा आला की हमखास फसतो. आरशात दिसणारी खोली त्याला खरीच वाटते. मग नकाशात कपाटाच्या पाठीमागे एक उलटी, वाकडीतिकडी खोली तयार होते. म्हणून ताई आधी सगळे आरसे झाकते आणि मग चालायला लागते. त्यासाठी तिच्या पिशवीत कायम कापड असतं. आई पडदे शिवते, त्यामुळे घरात तुकड्यांना तोटा नाही.

"लोकांच्या पोरी घरात कपडे आणतात," बाबा म्हणायचे, "आमची बाहेर घेऊन जाते."

"पगार तरी आणते ना? तुम्ही दिवसभर लिफ्टमधून वरखाली करता आणि शेवटी तिथल्या तिथेच," आई शिलाई न थांबवता म्हणायची. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात.

दुसरी गंमत माणसांची. मोजताना मध्ये कुणी आलं तर मोबाइल त्या माणसाला पुसून टाकतो. पण पुसलेल्या जागी नकाशात भोक राहतं. उभ्या माणसाचं उभं, बसलेल्याचं बसलेलं. ताईला घरमालकांना सारखं सांगावं लागतं, "काका, जरा बाहेर थांबता का? तुमचं भोक पडतंय."

आणि आरशाच्या खोल्यांचं काय करायचं? त्या खोडता येत नाहीत. एकदा मोजलेलं काहीही पुसायचं नाही, असा कंपनीचा नियम आहे. पुढे भांडण झालं तर दाखवायला हवं म्हणून. खोली या घरातून काढता येते, पण ती दुसऱ्या कुठल्यातरी घराला जोडावीच लागते. आता कुणा गिऱ्हाइकाच्या घराला कशी जोडणार? त्यावर ऑफिसातल्या सगळ्यांनी एक युक्ती काढलेली होती. नोकरीला लागल्यावर प्रत्येकाला आधी स्वतःचं राहतं घर मोजायला लावतात. हात बसावा म्हणून. त्याला सरावाचं घर म्हणतात. ते गिऱ्हाइकांना दिसत नाही. मग जो कचरा होईल तो प्रत्येकजण आपल्या सरावाच्या घराला जोडून टाकायचा.

"घरी टाक," एवढंच म्हणायचे ऑफिसात. नको असलेली खोली आली की घरी टाक.

३

ती खोली ताईला एका रिकाम्या घरात मिळाली.

रिकामी घरं ताईला आवडतात. सामान नाही, माणसं नाहीत, पटकन काम होतं. तिथे आरसाच काय, खिळासुद्धा नव्हता. दुपार होती. पंखे काढून नेलेले, छताला नुसत्या वायरी. ताई हॉलमधून चालली, दोन खोल्या झाल्या, शेवटी अरुंद बोळ. बोळ एका कोऱ्या भिंतीशी संपत होता. ती भिंतीशी पोचली, वळली, परत आली आणि सवयीने नकाशा बघितला.

नकाशात बोळ संपत नव्हता. त्या भिंतीच्या जागी दार होतं, दारापलीकडे खोली होती. आरशाची खोली कशी दिसते हे ताईला डोळे मिटून सांगता येईल. ती उलटी असते, कडा फाटलेल्या असतात. ही सरळ होती. चारी कोपरे काटकोनात. आत एक पलंग, एक टेबल, एक खिडकी. आणि खिडकीपाशी एक भोक. उभं.

ताईने भिंतीवर हात ठेवला. थंडगार, गुळगुळीत, नवा रंग दिलेली भिंत. तिने बोटाने वाजवली. मग घराबाहेर येऊन जिन्याच्या खिडकीतून डोकावली. भिंतीपलीकडे मोकळी हवा होती आणि खाली दुचाक्या लावलेल्या.

"पुन्हा मोजावं असं वाटलं नाही तुला?" धाकटीने नंतर विचारलं.

"वाटलं ना. पण पुन्हा मोजायचं म्हणजे त्या भिंतीकडे पुन्हा चालत जायचं." ताई थोडी हसली. "ते नको वाटलं. का ते विचारू नकोस."

ऑफिसात तिने मॅडमना दाखवलं. मॅडम उंच, ताठ आणि काटेकोर, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे फूटपट्टी म्हणतात.

"आरसा झाकायला विसरलीस."

"आरसाच नव्हता, मॅडम."

"मग काच असेल. समोरच्या इमारतीची खिडकी चमकली असेल."

"पण पलंग कुठून आला? आणि हे माणसाचं भोक..."

"हे बघ," फूटपट्टी मॅडम चष्म्यावरून म्हणाल्या, "या घराला उद्या सकाळी गिऱ्हाईक आहे. नवराबायको आहेत, बाई आठव्या महिन्यात आहे. त्यांना मी काय सांगू, एक खोली ज्यादा आहे पण ती हवेत आहे? घरी टाक आणि पुढचं घर घे."

ताईने घरी टाकली.

४

तेव्हा चौघं एका भाड्याच्या खोलीत राहायची. खोलीला चिकटून स्वयंपाकघर. शिलाई मशीन खिडकीशी, बाबांच्या हत्यारांची पेटी पलंगाखाली. धाकटी अभ्यासाला आईच्या कापड बेतायच्या टेबलाखाली बसायची. तिथे तीन बाजूंनी कापडं लोंबायची, त्यामुळे आत कुणी आहे हे बाहेरून कळत नसे. धाकटी लाजाळू होती. घरात पाहुणे आले की ती तिथून बाहेर येत नसे. तिला जगात एकच गोष्ट हवी होती: दार असलेली खोली. मोठी नको, फक्त लावून घेता येईल असं दार हवं.

एका रविवारी दुपारी तिने ताईला विचारलं, "आपलं घर दिसतं का गं त्या ॲपमध्ये?"

"दिसतं की. राजवाडा आहे आपला." ताईने सरावाचं घर उघडून दाखवलं.

दोघी पोट धरधरून हसल्या. मधोमध आपली बापुडवाणी एक खोली, आणि तिच्या चहूबाजूंनी वर्षभरात टाकलेला कचरा. उलट्या मोऱ्या, वाकड्या गॅलऱ्या, अर्धा जिना, कुणाचं तरी निम्मं कपाट. सगळं एकमेकांवर पडलेलं, कुठे जोडलेलं नाही. फक्त एक खोली नीट जोडलेली होती. स्वयंपाकघराच्या भिंतीत दार, दारापलीकडे खोली, पलंग, टेबल, खिडकी.

"ही मला दे," धाकटी म्हणाली.

"घे, दिली."

"लिही तसं."

ताईने खोलीवर बोट दाबलं आणि नाव टाकलं, 'धाकटीची खोली'. धाकटी इतकी खूश झाली की लाजून टेबलाखाली गेली.

ताईचं हसू मात्र हळूच मावळलं होतं. तिने नकाशा मोठा करून पाहिला. भोक खिडकीपाशी नव्हतं. ते आता पलंगावर होतं. बसलेलं.

मोजलेला नकाशा फोटोसारखा असतो. फोटोतला माणूस उठून दुसरीकडे बसत नाही. आपण पहिल्यांदा नीट पाहिलं नसेल, असं ताईने स्वतःला समजावलं. तिने मोबाइल बंद करून पालथा ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन त्या भिंतीवरची भांड्यांची मांडणी उगीचच नीट लावली.

५

नवं घर ताईनेच शोधलं. असलं ॲप जिच्या हातात आहे तिने नाही शोधायचं तर कुणी? चौथा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पाणी भरपूर, मालक एकच, शेजार शांत. ताईने मोबाइलने मोजलं आणि मोबाइलवर भरवसा नको म्हणून आईची शिलाईची टेप घेऊनसुद्धा मोजलं. गुडघ्यांवर रांगत तिने सगळं घर पालथं घातलं. एकही ज्यादा कोपरा निघाला नाही. बोळ छोटासा होता आणि तो भिंतीशी संपत होता. नकाशातही संपत होता.

"तुला खोली नाही मिळणार गं," तिने धाकटीला सांगितलं. "एकीत आईबाबा, आणि हॉलमध्ये आपण दोघी. पण हॉलच्या कोपऱ्यात आई तुला पडदा लावून देईल. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ओढला की तुझं राज्य."

"पडद्याला कडी नसते," धाकटी म्हणाली.

"मग मी शिट्टी वाजवून येत जाईन. झालं?"

आईने सगळ्या खिडक्यांचे पडदे बेतले आणि धाकटीसाठी एक लांबलचक, निळा, जाडसर पडदा शिवला. आईचं माप कधी चुकत नाही. कापड उरलं तरी तिला अपमान झाल्यासारखं वाटतं.

जायच्या आधी ऑफिसात पत्ता बदलायचा होता. फूटपट्टी मॅडमनी पेढे मागितल्यासारखं तोंड करून चहा मागितला. ताईने सगळ्यांना चहा पाजला आणि आपल्या नावापुढे नवा पत्ता भरला. 'सरावाचं घर नव्या पत्त्याला जोडायचं का?' असं ॲपने विचारलं. ते सगळ्यांनाच विचारतं. ताईने 'हो' दाबलं. मागे कुणीतरी विनोद केला होता, तिचं लक्ष तिकडे होतं.

६

सामान हलवायच्या दिवशी ताई ट्रंकेचं एक टोक धरून वर आली. दुसरं टोक बाबांकडे होतं.

"ही कुठे ठेवायची?" ताईने विचारलं.

"धाकटीच्या खोलीत. आणखी कुठे?"

ताईला वाटलं बाबा थट्टा करताहेत. पण बाबा ट्रंक ओढत बोळातून सरळ पुढे गेले, आणि थांबले नाहीत.

बोळाच्या शेवटी दार होतं. उघडं. आत पलंग होता, टेबल होतं. बाबांनी ट्रंक पलंगाशी टेकवली आणि बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाले, "आधीचे लोक सामान ठेवून गेले ते बरं झालं. टेबल भारी आहे. हलतच नाही."

"बाबा, इथे खोली नव्हती."

"काय?"

"मी मोजलंय हे घर. इथे भिंत होती."

बाबांनी आईला हाक मारली. "अगं ऐकतेस का, तुझी लेक घरं मोजून मोजून थकली. आपण ही खोली बघून तर घर घेतलं! धाकटीला खोली मिळते म्हणूनच घेतलं ना?"

"म्हणजे काय," आई आतून म्हणाली. तिचं लक्ष नव्हतं. ती हॉलमध्ये पडदे मोजत बसली होती आणि तिच्या कपाळाला आठी होती. "एक कमी पडतोय. धाकटीच्या खिडकीचा शिवायचाच राहिला. अशी कशी विसरले मी?" मग तिने गठ्ठ्यातून तो लांब, निळा पडदा उचलला, उलगडला, हात ताणून दोन्ही टोकं धरली. "आणि हा एवढा मोठा कशाला शिवला? कुठे लावायचा हा?"

तिने तो उलटसुलट करून पाहिला. ताईला आईच्या चेहऱ्याकडे बघवेना. आपल्याच हाताची शिवण आई अशी बघत होती, जशी काही दुसऱ्याच कुणाची असावी.

ताई जिना उतरून खाली गेली. इमारतीच्या मागच्या बाजूला जाऊन तिने मान वर केली. चौथ्या मजल्यावर, जिथे ती खोली असायला हवी होती, तिथे सपाट भिंत होती. एक पाण्याचा पाइप होता आणि त्याच्या बाजूला मोकळी हवा.

वर आली तेव्हा धाकटी नव्या खोलीच्या दाराची कडी लावून काढून, लावून काढून बघत होती.

"धाकटे," ताईने हळू विचारलं, "तुला तो निळा पडदा आठवतो?"

धाकटीने ताईकडे पाहिलं. तिला आठवत होतं. धूसर, सकाळी स्वप्न आठवावं तसं, पण आठवत होतं. तिने कडीकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही.

७

त्या खोलीत काही वाईट नव्हतं, हे आधी सांगायला हवं. ती स्वच्छ होती, ओल नव्हती, उकडत नव्हतं. खिडकीला दुधी काच होती आणि ती उघडत नसे. उजेड मात्र छान यायचा. सकाळीही तेवढाच, संध्याकाळीही तेवढाच. बाहेर दिवे लागले तरी आत ऊन कलल्यासारखा पिवळसर उजेड असायचा. धाकटीला दिवा लावावाच लागत नसे. आई म्हणायची, "चला, वीज तरी वाचली."

आणि आत शांतता होती. दार उघडं ठेवलं तरी बाहेरचा आवाज उंबरठ्याच्या आत येत नसे, आतला बाहेर जात नसे. आई स्वयंपाकघरातून घसा फुटेपर्यंत ओरडली तरी धाकटीला पत्ता नसे. शेवटी दारात येऊन हात हलवावा लागायचा, मग दिसायचं. "बहिरी झालीये ही त्या खोलीत गेल्यापासून," आई करवादायची. बाबांनी भिंती वाजवून पाहिल्या आणि जाड आहेत म्हणाले.

एवढ्या शांततेत स्वतःचे आवाज मोठे होतात. धाकटी लिहायला बसली की पेनाची कुरकुर ऐकू यायची. लिहायचं थांबवलं की ती थांबायची. पण लगेच नाही. किंचित उशिरा. भिंती मोकळ्या आहेत, म्हणून आवाज घुमतो, असं तिने ठरवलं. शाळेत विज्ञानाच्या बाईंना विचारायचंही ठरवलं, आणि नेहमीप्रमाणे विचारायचा धीर झाला नाही.

ताई त्या खोलीत कधी आली नाही. दाराशी यायची. चौकटीला धरून उभी राहायची, हात हलवून धाकटीला उंबरठ्याबाहेर बोलवायची. "हॉलमध्ये झोप माझ्याजवळ," म्हणायची.

"का? माझी खोली आहे ना?"

"आहे गं. पण मला एकटीला करमत नाही."

"मग तू ये इथे."

ताई नुसती धाकटीच्या मागे, पलंगाकडे बघत राहायची.

परवा दुपारी ती अशीच दाराशी आली. धाकटी पलंगावर मांडी घालून वाचत होती. ताईने मोबाइल छातीशी धरला आणि उंबरठ्याबाहेरूनच तो हळूहळू एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत फिरवला.

"माझं भोक पडेल," धाकटी हसून म्हणाली. म्हणजे तिचे ओठ तसे हललेले ताईने पाहिले.

नकाशा उमटला. पलंगावर मांडी घातलेलं भोक होतं. त्याच्या मागे आणखी एक होतं, गुडघ्यांवर वाकलेलं. त्याचा पुढचा भाग धाकटीच्या खांद्यापाशी पोचला होता, आणि तिथे दोन्ही भोकांच्या कडा एकमेकींत मिसळल्या होत्या. कुठे एक संपतं आणि कुठे दुसरं सुरू होतं, ते कळत नव्हतं.

ताई ओरडली नाही. ओरडून काही उपयोगच नव्हता. तिने हात हलवला. धाकटी उठून बाहेर आली तशी ताईने तिचं मनगट धरलं ते स्वयंपाकघरात जाईपर्यंत सोडलं नाही.

"चहा कर ना मला," ताई म्हणाली. "तुझ्या हातचा प्यावासा वाटतोय."

चहा होईपर्यंत ती धाकटीच्या खांद्यावरून हात फिरवत राहिली, काही चिकटलं असेल ते झटकावं तसा.

८

काल ताईने धाकटीला गच्चीवर नेऊन सगळं सांगितलं. घरी टाकलेल्या खोलीचं, दिलेल्या नावाचं, बाहेरच्या सपाट भिंतीचं. फक्त दोन भोकं कशी होती हे सांगताना ती अडखळली.

"पुसून टाक ना मग," धाकटी म्हणाली.

"पुसता येत नाही. जोडावीच लागते कुठेतरी. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मी ती बांधणार नाही. पण एक इमारत आहे, गेल्या वर्षी पाडली. ॲपमध्ये अजून तिच्यातलं एक घर आहे, जागेवर नुसतं मैदान. तिथे जोडते." ताईने धाकटीची हनुवटी वर केली. "मोबाइलवरून होत नाही, ऑफिसातूनच करावं लागतं. उद्या जेवायच्या सुट्टीत करीन. तेव्हा मॅडम जागेवर नसतात. ऐकतेयस ना? खोली जाते तेव्हा आत जे असेल ते सगळं जातं. दप्तर, कपडे, काही ठेवू नकोस. आणि तू... जेवायच्या वेळेनंतर त्या खोलीत पाय ठेवायचा नाही. एक मिनिटसुद्धा नाही."

"मग मी कुठे बसू?"

"आईला निळा पडदा लावायला सांगू कोपऱ्यात."

"तिला आठवत नाही तो कशाचा ते."

"आठवेल. खोली गेली की आठवेल." ताईचे डोळे भरून आले. "आणि खोली कुणालाच आठवणार नाही, बहुतेक. तुलासुद्धा नाही. बरंच आहे ते. वचन दे मला."

धाकटीने मान हलवली. या वेळी खरी.

९

म्हणून लिहिलं. दार असलेली एक खोली मला मिळाली होती, एवढं तरी कुठेतरी राहावं म्हणून. कागद पुरा झाला की बाहेर नेऊन आईच्या कापडांत ठेवणार आहे. दप्तर सकाळीच बाहेर काढलं, कपडेही. ट्रंक बाबांनी कामाला जाण्याआधी कुरकुरत हॉलमध्ये नेली. टेबल तेवढं हलत नाही, म्हणून लिहायला इथेच बसले आहे. दार सताड उघडं आहे. मी घाबरट आहे, पण मूर्ख नाही. आई जेवायला बोलवायला आली की लगेच उठणार.

अजून आली नाही, म्हणजे जेवायची वेळ व्हायची आहे. उजेडही तसाच आहे. बोळ इथून दिसतो, बोळात कुणी नाही. मघाशी तिथे आईसारखं काही हललं, पण मी वाक्याच्या मध्यात होते. मान वर केली तेव्हा नव्हतं. ती हात हलवून गेली असेल तर पुन्हा येईल. चिडून येईल.

आत्ता मी गंमत म्हणून पेन उचलून धरलं आणि ऐकलं. कुरकुर थांबली नाही. थांबेल म्हणून मी वाट पाहिली. ती चालूच होती, सावकाश, नीट, माझ्यासारखीच. मग थांबली. मग मी घाईने पुन्हा लिहायला लागले, कारण शांतता त्याहून वाईट होती.

झालंच आहे आता. ताईनेच हाक मारली. "धाकटे, ऊठ, चल लवकर." अगदी जवळून, तिच्याच आवाजात. म्हणजे ती लवकर सुटली आणि मला बाहेर काढायला घरी आली. बाहेरचं दार वाजलेलं मला ऐकू आलं नाही, पण या खोलीत बाहेरचा आवाज कुठे येतो, कुणी कितीही ओरडलं तरी उंबरठ्याच्या आत काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे